दाजींचा हुतुतू

हुतुतूत दाजी कधी मेले नाहीत. साठी उलटली होती, धक्क्यावरची कारकुनी संपली होती, तरी रोज संध्याकाळी धोतर वर खोचून ते आम्हा पोरांच्या डावात घुसत. आम्ही सगळ्यांनी मिळून वाळूत आडवं केलं, तरी तोंडातली वाळू थुंकून म्हणत, "दम तुटला नव्हता! खेळा पुढे!" वर आम्हालाच झापत, "याला हुतुतू म्हणतात? हे धुणं बडवणं झालं! खेळलो ते आम्ही, लहानपणी!"

दाजींचं लहानपण अचाटच. त्यांनी मारलेली विटी म्हणे आमच्या आगरदांड्याहून उडायची ती खाडीपलीकडे दिघीला पडायची. परत कोण आणायचं, असं विचारलं की दाजींना एकाएकी घरचं काम आठवे. पोहण्यात ते माशांना मागे टाकत. मात्र गुडघाभर पाण्यापुढे त्यांना गेलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्या पराक्रमांत हरायचा एकच माणूस. दाजींचा बाळमित्र इब्राहिम. तो तरुणपणीच बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला होता. "इब्राहिमला असा लोळवला!" हे रोजचंच. समोर नसलेल्या माणसाला लोळवायला ताकद कशाला लागते?

आणि एके दिवशी इब्राहिमचाचा मुंबईच्या आगबोटीने कायमचे घरी आले. आम्हाला उकळ्या फुटल्या. दाजींना आम्ही जवळजवळ ओढतच त्यांच्या अंगणात नेलं. चाचा खाटेवर बसले होते. माणूस चांगला उंचापुरा, पण दोन्ही डोळे पांढरे झालेले.

"कोन हाय?"

"मी. दाजी." दाजींचा आवाज एवढासा झाला.

आमच्यातल्या गणूला दम कुठला! "चाचा, दाजी तुम्हाला रोज लोळवायचे ना?"

चाचा तोंड उघडणार, तोच दाजी म्हणाले, "खोटं रे. हा एकदासुद्धा माझ्या हाती लागला नाही. वाऱ्यासारखा पळायचा."

चाचा हसले. हात पुढे करून दाजींचा चेहरा चाचपू लागले. "दात कुठं गेलं रं तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून दाजी त्यांना हाताला धरून वाळूत आणू लागले. स्वतः खेळणं सोडलं. शेजारी बसून आमचा डाव त्यांना सांगत.

"गणू निघाला बघ. काय चपळ पोर! सुटला, सुटला! वा रे गणू!"

गणू त्या वेळी चौघांच्या खाली दबलेला असे. चाचा खूश होऊन टाळ्या वाजवत.