सत्तारचाचा आणि समग्र भास्कर

“वाचलं नाई म्हन, मले राग नाई. पन छान हाय म्हनू नको.”

जिन्याखालून सत्तारचाचांचा आवाज आला आणि मी वरच थांबले. खाली गिझर दुरुस्त करणारा माणूस उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात हिरव्या कव्हरचं जाडजूड पुस्तक.

“टायमच नाई भेटला, चाचा,” तो शेवटी म्हणाला.

“हे बरं झालं,” चाचा खूश झाले. “आता चहा पिऊन जा.”

सत्तारचाचा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. संत्र्यांचे व्यापारी. माल भरायची शेड वरूडला, घर अमरावतीत. हिरवं पुस्तक म्हणजे तिवस्याच्या भास्कर मास्तरांच्या समग्र कविता. मास्तर गेल्यावर चाचांनी ते छापवून घेतलं आणि तेव्हापासून त्यांच्या ओळखीतल्या कोणाची सुटका नाही. लग्न असो, बारसं असो, आहेर म्हणून पुस्तकच. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी ते तोंड उघडं ठेवून दिलं. अकोल्याच्या व्याह्यांना दोनदा दिलं. दुसऱ्या वेळी व्याही म्हणाले, आधीचं आहे की आमच्याकडे. चाचांनी लगेच विचारलं, “मंग त्यातली कोनती नाई आवडली?” व्याही त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.

चाचांचा प्रश्न हा एवढाच. कोणती आवडली, हे ते कधीच विचारत नाहीत.

“बागेत गिऱ्हाईक येते,” त्यांनी एकदा माझ्या आईला समजावलं. “ज्याले माल घ्याचा नसते तो म्हन्ते, वा, काय संत्रा हाय. अन चालला जाते. ज्याले घ्याचा असते तो साल दाबून पाह्यते, डाग दाखवते, भांडते. खोट काढते तोच घेते, भाभी.”

पुस्तक फार छान आहे, असं आईनं नुकतंच सांगितलं होतं. ती दूध पाहायला आत गेली.

मलाही एक प्रत मिळाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचताना मी चढावर सायकल चालवावी तशी जाते. चाचांच्या घरी उर्दू, पण ते वरूडच्या मराठी शाळेत शिकलेले, म्हणून माझ्या कितीतरी पुढे. “कुठवर आली?” ते जिन्यात विचारायचे. मी बोट घालून ठेवलेलं पान दाखवायची. तोंडानं काही सांगणं मला तसंही जमत नाही. कवितेबद्दल, आणि तेही मराठीत, तर नाहीच.

“चालू दे,” ते म्हणायचे. “तू अजून खोटं बोलली नाई.”

त्यांच्या स्वतःच्या प्रतीत प्रत्येक कवितेखाली पेन्सिलीनं शेरा आहे: मोठा माल, मध्यम, चुरी. चुरी म्हणजे पेटीत न भरता वेगळं काढलेलं बारीक फळ. ज्या पुस्तकावर माणसाचा इतका जीव, त्यात इतकी चुरी बघून मला हसू यायचं.

मास्तरांना कोणी का विचारलं नाही, ते वाचता वाचता मला कळत गेलं. सध्या आमच्याकडे बाहेरून गाड्या येतात, कॅमेरे येतात, आणि वऱ्हाडातल्या कवीकडून सगळ्यांना शेतकऱ्याच्या मरणाची एकच कविता हवी असते. मास्तर लिहायचे ते एस.टी.त पेंगणाऱ्या कंडक्टरवर, गणितात नापास होऊन हसणाऱ्या पोरीवर. दुःख त्यांच्याही कवितेत आहे. पण ते मागच्या बाकावर बसलेलं असतं, हात वर करत नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयात या कवितांवर कार्यक्रम झाला. चाचांनीच खटपट करून ठरवलेला. एका प्राध्यापकांनी काळ्या मातीच्या वासावर पुष्कळ बोलून घेतलं. त्यांच्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. भाषण संपल्यावर चाचा पहिल्या रांगेतून उठले.

“साहेब, तुमाले कोनती नाई आवडली?”

“छे, छे. एकूण एक उत्तम.”

“एकबी नाई?”

“एकही नाही.”

चाचा खाली बसले, खिशातून संत्रं काढलं आणि सोलू लागले. सभागृहात मातीऐवजी संत्र्याचा वास पसरला. आभारप्रदर्शन आटोपतं घेण्यात आलं.

आई आणि मी त्यांच्याच गाडीतून परत आलो. आई कुलूप उघडायला वर गेली. चाचा खालच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मलाही वर जाता आलं असतं.

“दर रविवारी येत राहे भास्कऱ्या,” ते म्हणाले. “तिवस्याहून वरूडले. पेटीवर बसे अन नवी कविता वाचे. मी म्हनो, हे ओळ चुरी हाय. तो मले शिव्या दे, माहाच संत्रा खाय, अन जाय निंघून. दुसऱ्या रविवारी गुपचूप बदललेली ओळ वाचे.” ते टोपीची कड नीट करत राहिले. “मयतीत सारे छानच म्हन्तेत, बेटा. हे तं रोजच मयत चालू हाय त्याची. रविवार लय मोठा होते आता.”

‘चपला’ नावाची एक कविता कित्येक दिवस माझ्या डोक्यात होती. फाट्यावर एक म्हातारा बसची वाट पाहतो. नव्या चपला कागदात गुंडाळून काखेत धरलेल्या, पाय अनवाणी. बस येते, तो चपला पायात घालतो आणि चढतो. मग शेवटी गरिबाच्या अब्रूवर दोन ओळी येतात. चाचांचा शेरा ‘मोठा माल’.

“चाचा,” मी म्हणाले, “‘चपला’मधल्या शेवटच्या दोन ओळी नको होत्या.”

त्यांनी मान वर केली.

“कावून नको?” आवाज एकदम चढला. “त्या ओळी मी सांगतल्या होत्या त्याले. म्हनून तं मोठा माल हाय तो.”

माझे कान तापले. छान आहेत, म्हणायला अजून वेळ होता.

“तरी नको,” मी म्हणाले. “म्हातारा चढला आणि बस निघून गेली. रस्त्यावर आता कोणीच नाही, चाचा, आणि तुम्ही एकटेच तिथं बोलत उभे आहात.”