थेंबाला चुना

भीमोजीराव रोज सकाळी माझ्या पेपरला चुना लावतात. अगदी खराखुरा, पानाचा. म्हैसुरात चामराजपुरमला त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहतो. पेपर माझा, पण पहिला हात त्यांचा. वर येईपर्यंत व्यंगचित्रात जो कोणी रडत असेल, त्याच्या गालावर चुन्याचा ठिपका पडलेला असतो. बरं, हे गृहस्थ पान खात नाहीत! तरी उंबऱ्यात पितळी डबी उघडून बसलेले.

"पेपरवाल्यांनी लोकांना चुना लावायच्या आधी मी लावतो की री," हे वर.

पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले, तेव्हापासून यांच्या घरात असं कन्नडमिश्रित मराठी आहे. मी पुण्याकडचा. मला कन्नड वाचता येत नाही, चित्रं तेवढी कळतात. परवा बसवाल्यांच्या संपावर चित्र होतं. मिशीवाला कंडक्टर एका म्हातारीला लाथ मारून बसमधून ढकलतोय. रडणाऱ्या म्हातारीच्या गालावर ठिपका होताच, तरी माझं डोकं तडकलं. तसाच खाली गेलो. "माजलेत हे कंडक्टर! पाठवा सगळ्यांना घरी!"

भीमोजीराव उसळले. "नोडी सर, बघा ही बातमी. पगार वाढवा म्हणतात ते. यात म्हातारी कुठं आहे? लाथ कुठं आहे? सुम्ने, उगाच एक थेंब काढला कागदावर, आणि तुम्ही माणसांच्या नोकऱ्या घालवायला निघालात!"

मी फणफणत जिना चढलो. वर पोचल्यावर कळलं, माझा राग त्यांच्यावर नव्हताच. माझ्या डोळ्यांत पाणी आणून कोणीतरी आपलं काम करून घेतलं होतं, तेही माझ्याच पेपरात!

दुसऱ्या दिवशी चित्रात कंडक्टरचं उपाशी पोर रडत होतं. भीमोजीराव संपाच्या बाजूचे. तरी पोराच्या गालावर ठिपका! "आपल्या बाजूचं खोटं गोड असतं काय री?"

"पण एवढा संताप कशापायी?" मी विचारलं.

ते मला आत घेऊन गेले. भिंतीवर फ्रेममध्ये पिवळं पडलेलं एक व्यंगचित्र. मेटगळ्ळीच्या कारखान्यात त्यांनी संप केला, तेव्हाचं. ढेरपोट्या पुढारी डोसे हाणतोय आणि मागं त्याची बायको थंड चुलीपाशी रडतेय.

"पुढारी मी. चित्र आलं आणि गल्लीतल्या बायका हिच्या गळ्यात पडून रडायला आल्या. नवऱ्याला आवर म्हणाल्या. घराघरात तेच झालं, संप मोडला. ही मात्र पेटली री! 'मी रडले कधी? गेटवर सगळ्यांना चित्रान्नाचे डबे कोण नेत होतं?' म्हणाली, आणि पानाचा चुना बोटावर घेऊन थापला त्या थेंबावर."

चित्रातल्या बाईच्या गालावर खरंच पांढरा डाग होता.

"आता ती नाही. डबी तिचीच. चुना सुकू नये म्हणून रोज पाणी घालतो."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी घाईनं खिडकीकडे पाहू लागलो.

"बघा की री," भीमोजीराव म्हणाले. "हा थेंब कोणी काढलेला नाही."