लच्छूभाऊनं नेलेला पुडा

पानं आपणच न्यायची, असं लच्छूभाऊनं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

मुलचेऱ्याकडच्या त्याच्या गावात अंजिराचं झाड एकच, तेही त्याच्या अंगणात. त्याच्याखाली बाज टाकून पडून राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढायच्या, हा म्हातारपणातला त्याचा धंदा. पण औंदा पावसाळ्यात पानांवर ओलसर ठिपके आले, ठिपक्यांचे काळे डाग झाले, आणि धान घरी येईस्तोवर पानं टपाटपा वाळवणावर पडायला लागली. बायको वच्छला वैतागली. झाड तोडायला सोमवारी ये, असं तिनं झिंगूला सांगूनही टाकलं.

सून दिव्यानी चंद्रपूरच्या कॉलेजात जंतूंचा विषय शिकवते. (असाही विषय असतो.) ती फोनवर म्हणाली, रोग कोणता ते कळलं तर झाड वाचेल. ताजी पानं कोऱ्या कागदात घालून आणा, फार हाताळू नका.

आता ज्याचा जन्म तेंदूपत्त्याच्या फडीवर पुडे बांधण्यात गेला, त्याला पानं कशी बांधायची हे सून शिकवणार? त्यानं पानं निवडली, उन्हात पालथी घातली, उलटवली, सालीच्या दोरीनं पुडा आवळला. एसटीत पानं कडक वाटली, तेव्हा फडीवरच्या रिवाजानं तोंडात पाणी घेऊन फुर्रकन मारलं. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. (असणारच. थुंकायला एसटी थांबते का?)

दिव्यानीनं पुडा सोडला आणि एक पान चिमट्यानं उचलून वास घेतला. तरी एका पानाचा तुकडा वाटून तिनं जंतू वाढवायच्या काचेच्या बशीतल्या खरवसासारख्या थरावर लावला. लच्छूभाऊ पोराकडे मुक्कामाला राहिला. दोन दिवसांनी तिनं बशी दाखवली. आत जंगल उगवलं होतं. पांढरं, गुलाबी, राखाडी, कुठं लव, कुठं वर्तुळात वर्तुळ. लच्छूभाऊचे हात आपोआप जोडले गेले.

"हे सप्पा, सगळंच्या सगळं, माह्या अंजिरात होतं?"

"नाई मामाजी. हे बहुतेक तुमच्या तोंडातलं आहे. पानावर सुपारी पण सापडली."

लच्छूभाऊ उठला आणि मोरीवर जाऊन तीनदा चूळ भरून आला.

सोमवारी पहिल्या गाडीनं सासरा-सून गावात पोचले, तर झिंगू कुऱ्हाडीला धार लावत बसलेला. दिव्यानीनं त्याला थांबवलं. सोबत आणलेलं सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडलं, झाडाचं ताजं पान तोडून डागाच्या कडेचा बारीक काप पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सासऱ्याला म्हणाली, बघा.

कापाच्या कडेतून धूर निघत होता. थंडीत पहाटे नदीवरून धुकं निघावं तसा, दाट, न थांबणारा, आणि धुराचा कणनकण हलत होता. लच्छूभाऊनं टोपी काढली. आयुष्यभर तो या जगाला नावं ठेवत आला. डोक्यावरच्या एका पानात एवढी जत्रा भरते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"जिते हायेत?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. यांनीच डाग पाडले."

मग वच्छला वाकली, ती उठेचना. कोंबड्या धानात शिरल्या तरी उठली नाही. शेवटी झिंगूला म्हणाली, "जा बापू घरी. एवढं गोकुळ वसलं हाये, त्याच्यावर कुऱ्हाड कायले मारतं?"

आठवड्यानं दिव्यानीचा फोन आला. तिनं सोबत नेलेल्या ताज्या पानाच्या बशीत पिवळे चकचकीत थेंब उगवले होते. जंतू ओळखला, नाव झँथोमोनास. रोगट पानं काढून जाळा, मोरचूद आणि चुना फवारा, झाड जगेल. फक्त ओल्या पानांना कोणी हात लावायचा नाही, हातानं आणि उडालेल्या पाण्यानं तो पसरतो.

झाड जगलं. नवी पालवी आली. तिच्याखाली आता वच्छलाची बाज असते. लच्छूभाऊची गोठ्यात. एकदा हा काय न्याय, म्हणून विचारायला तो अंगणात आला, तर तिनं पडल्यापडल्याच हात वर केला.

"तिथूनच बोला. थुंकी उडते."