अर्धा पासवर्ड

ग्रामपंचायतीच्या संगणकाच्या पासवर्डचे त्या सोमवारी दोन तुकडे झाले. आता शत्रू सीमेवरूनच येतो असं नाही, तारेतूनही येतो, तेव्हा सरकारी संगणकांनी सावध राहावं, असं परिपत्रक आलं होतं. ग्रामसेवक राजदीप भगत यांनी ते फारच मनावर घेतलं. पहिला तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला, दुसरा शिपाई उकंडाभाऊंच्या हवाली केला. "माह्या आवाजात कोनी फोन केला तरी सांगाचा नाही. आवाजाची नक्कल होते आता," असं बजावून गुरुवारी ते याच विषयाच्या बैठकीला पुसदला गेले.

नेमकी त्या दुपारी प्रियंका आली. सैन्यभरतीच्या अर्जाला रहिवासी दाखला जोडायचा होता आणि मुदत पाचपर्यंतच होती. पोरगी वर्षभर पहाटे उठून रस्त्याने धावत होती. तिनेच साहेबांना फोन लावला.

"उकंडाभाऊ, तुमचा तुकडा टाका, माहा मी सांगतो," साहेब म्हणाले.

"तुमी कोन?"

"अरे, मी राजदीप!"

"शत्रूही तसंच म्हनन."

साहेबांनी व्हिडिओ कॉल केला. उकंडाभाऊंनी चष्मा लावून चेहरा निरखला. "थोबाडही बनवते म्हने," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

"काका, माह्या नोकरीचा सवाल हाये!" प्रियंका रडकुंडीला आली.

"पोरी, देशाचाही हाये."

शेवटी बैठक अर्धी टाकून साहेब मोटारसायकलवर निघाले आणि साडेचारला धुळीने माखून दारात उभे राहिले. उकंडाभाऊंनी आधी त्यांचा दंड चाचपला, मगच खुर्ची दिली. साहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि ती तिथेच थांबली. ऊन, खड्डे आणि संताप यांत त्यांचा स्वतःचा तुकडा डोक्यातून साफ उडाला होता.

पावणेपाच वाजले.

"साहेब, सांगू का?" प्रियंका चाचरत म्हणाली. "कापूस, चार, सात, दोन."

"तुले कसं माहीत?"

"टाकताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हनता तुमी. खिडकीपाशी रांगेत उभं राह्यलं का पाठ होते."

"अजून कोनाले माहीत हाये?"

"रांगेतल्या साऱ्याइले," उकंडाभाऊ म्हणाले. "पन मी कोनाले सांगतलं नाही, साहेब."

मग त्यांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून आपला तुकडा टाकला. पाचला दहा मिनिटं असताना दाखला निघाला आणि प्रियंकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, पण कागद काही लगेच हातातून सोडेनात.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "आपल्याच सैन्यात चालली ना तू?"