तीन गाड्या आणि सात नियम

गाड्यांचा हा वाद रविवारी दुपारच्या आत कायमचा मिटणार, याबद्दल मिस्बाहच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती पलूसच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. जे मोजता येतं त्यावर माणसं भांडतात कशाला, हेच तिला कळत नसे.

वाद रोज संध्याकाळी तासगावात तिच्याच अंगणात रंगायचा. नवरा सरफराज बेदाण्याचा व्यापारी, पण बोलायचा गाड्यांवर. सोबत जयराज, ज्यानं नुकतीच जमिनीला पोट लावून पळणारी लालभडक गाडी घेतली होती. आणि निवृत्त सुभेदार उदयसिंह, ज्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली पन्नास वर्षांची जीप होती.

"माझी डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभरावर जाती," जयराज म्हणायचा.

"जाती की. पर कुठवर रं? पयल्या स्पीडब्रेकरापतोर," सुभेदार म्हणायचे. "जीप म्हंजे लोखंड हाय गड्या. तुझा नुस्ता डबा."

मिस्बाहच्या बारा वर्षांच्या पांढऱ्या गाडीला तर ते गाडीतच धरत नसत. तिला तिघं 'कुकर' म्हणायचे.

एका संध्याकाळी सरफराजनं जाहीर केलं, "कुकर सुभेदारांना देतो आन् जीप आपण घेतो."

"आणि मी कॉलेजला कशानं जाऊ?"

"जीपनं. लय शोभशील."

मिस्बाहनं आत जाऊन वही आणली. तासगाव ते पलूस, तीन वर्षांच्या नोंदी, सरासरी चौतीस मिनिटं. वाटेत कुणी हात केला, कुणी डबा पोचवायला दिला, तर तो वेळ 'बाह्य अडथळा' म्हणून ती काटेकोरपणे वजा करायची. जीप जेमतेम ताशी तीसनं पळते. हिशेब सरळ होता.

"रविवारी शर्यत. कॉलेजच्या फाटकातून जी पहिली आत येईल तिचं म्हणणं खरं. जीप पहिली आली तर न्या माझी गाडी."

तिनं सात नियम लिहिले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाचव्या नियमानं वजन समान हवं होतं: प्रत्येक गाडीत चालकाशेजारी एक माणूस, मागे बेदाण्याची दोन खोकी. जयराजकडे त्याचा भाऊ, जीपमध्ये सरफराज आणि मिस्बाहच्या वाट्याला सासूबाई मेहरुनबी, बासष्ट किलो.

हे वजन बोलतं, याची तरतूद नियमांत नव्हती. रविवारी मेहरुनबींच्या चपला सापडेपर्यंत बाकीच्या दोन्ही गाड्या पुढे गेल्या होत्या.

"थांब गं, बनुबाई हात करतीया."

"अम्मी, शर्यत आहे."

"आसू दे की. पळून चाललीय व्हय शर्यत?"

बनुबाई दोन पिशव्यांसह बसल्या. "बरं झालं बया. मगाशी त्या जीपला हात केला, तर सुभेदार नुस्ता सलाम ठोकून गेला."

पुढे एका घरी लोणच्याची बरणी द्यायची होती. तुरची फाट्यावर मेहरुनबींच्या माहेरच्या कुणीतरी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. मिस्बाह स्टिअरिंग धरून बसून राहिली आणि तिनं बशीतला चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली.

वाटेत जयराज भेटला. दर स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासत होतं, म्हणून भाऊ खोकी घेऊन उतरायचा, पलीकडे चालत जायचा आणि पुन्हा बसायचा.

"पाचवा नियम मोडतोयस," मिस्बाह काच खाली करून म्हणाली.

"वैनी, हितं माझी कंबर मोडाय लागलीया," भाऊ म्हणाला.

एक तास बावीस मिनिटांनी ती कॉलेजच्या फाटकात शिरली. मैदानात जीपचं नाक लांब उडीच्या खड्ड्यातल्या वाळूत रुतलं होतं. फाटकाशी शिपाई गुंडामामा प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच घेऊन उभे होते.

"जीप सत्तेचाळीस मिन्टांत आली, म्याडम. पर आल्यावर मैदानाला चार चकरा मारल्या."

"चकरा कशाला?"

सरफराज केसांतली वाळू झटकत होता. "ब्रेक लागत न्हाईत तिचे. वर्ष झालं म्हणं. मला बी वाटंतच कळलं."

"मग वाटेत थांबलात कसे?"

"थांबलोच न्हाई की," सुभेदार अभिमानानं म्हणाले.

मिस्बाहनं नियम पुन्हा वाचले. गाडीला थांबता आलं पाहिजे, असं सातांपैकी एकातही नव्हतं. खाली तिचीच सही होती, तारखेसकट.

सुभेदार त्याच दिवशी पांढरी गाडी घेऊन गेले. दारात त्यांनी तीन वेळा ब्रेक दाबून बघितला आणि तिन्ही वेळा लहान मुलासारखे हसले.

मिस्बाहनं गॅरेजवाल्याच्या मागे लागून जीपचे चारही ब्रेक नवे बसवून घेतले, मगच तिच्यात पाय ठेवला. मेहरुनबींनी मात्र त्या खटाऱ्यात बसणार न्हाई म्हणून सांगितलं. पहिल्या सकाळी बनुबाई पिशव्या घेऊन रस्त्यावर उभ्याच होत्या. त्यांनी हात केला.

"ब्रेक नाहीत, मावशी," मिस्बाह ओरडली आणि तशीच पुढे गेली.

त्या दिवशी तिनं वहीत लिहिलं: एक्कावन्न मिनिटं, बाह्य अडथळे शून्य. पूर्वीचे अडथळे वजा न करता सरासरी काढली तर ती एकोणसाठ येत होती. हा हिशेब तिनं घरात कुणाला दाखवला नाही, आणि ब्रेकचं बिलही.