आज अभ्यास शून्य

शाळेत बत्तीस टॅब आले आणि त्याच दिवशी कपाटात गेले. मुलांच्या हातात दिले तर फुटतील, फुटले तर चौकशी लागेल आणि चौकशी लागली तर हेडसरांची बढती अडेल, इतकी सरळ गोष्ट होती. हेडसरांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तिसरीच्या मुलांना सांगितलं की आता तुम्ही जगाशी जोडले गेलात. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. टॅबचा वापर शून्य टक्के का, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. हेडसर खुलाशाच्या भानगडीत पडले नाहीत, त्यांनी तोडगा काढला. तिसरीच्या बाईंनी रोज स्टोअररूममध्ये बसावं, बत्तीस टॅब उघडावेत, बत्तीस मुलांच्या नावाने धडे ऐकावेत आणि उत्तरं भरावीत.

"आणि माझा वर्ग?" बाईंनी विचारलं.

"वर्ग कुठे पळून जातोय?" हेडसर म्हणाले. "टॅबची बॅटरी मात्र उतरते."

वर्गावर शिपाईकाका बसायला लागले. ते मुलांना गप्प बसायला शिकवायचे, आणि तो विषय त्यांना खरंच चांगला यायचा.

पहिल्या आठवड्यात बाईंनी सगळी उत्तरं बरोबर भरली. लगेच ताशेरे आले: सर्वांचे गुण सारखे, कॉपीचा संशय. मग बाई चुका करायला लागल्या. आता चुका करायच्याच तर प्रामाणिकपणे करायच्या, हा त्यांचा स्वभाव. हातचा विसरणारा पोरगा टॅबवरही हातचा विसरला. शेवटच्या बाकावरची जुळी एकच चूक दोघं मिळून करायची, बाईंनी ती दोनदा केली. कोण कुठे अडतं हे त्यांना पाठ होतं, कारण टॅब यायच्या आधी त्या शिकवायच्या. वरचं ऑफिस खूश झालं. प्रत्येक मुलाची स्वतंत्र गरज ओळखणारी शाळा, असा फलकही आला. तो हेडसरांनी कपाटात ठेवला.

घोडं अडलं ते अठ्ठावीस नंबरच्या टॅबवर. तो भिंगरीचा. भिंगरी एका जागी टिकायची नाही आणि तिला वाचता यायचं नाही. सुटी अक्षरं ओळखायची, पण ती एकमेकांना चिकटली की बावरायची. बाई तिला रोज मधल्या सुट्टीत घेऊन बसायच्या आणि गाडी जोडाक्षरांपर्यंत आली होती. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर पोरगी सुटली असती. नाहीतर चौथीत मागचा बाक ठरलेला, आणि मागच्या बाकाच्या मागे थेट दार असतं. पण आता मधल्या सुट्टीत बाई टॅब चार्जिंगला लावायच्या.

टॅबमधली भिंगरी मात्र जोरात होती. बाईंनी तिच्या नावाने चुका केल्या, तर सूचना आली की विद्यार्थिनी मागे पडत आहे, रोज जादा चाळीस मिनिटं द्यावीत. बाईंनी दिली, टॅबला. महिन्याभरात भिंगरी 'अस्खलित वाचक' झाली. तिची आई घरी शर्टांना काजं करायची. रोज फोनवर 'आज अभ्यास पूर्ण' असा हिरवा मेसेज आला की मशीन थांबवून शेजारणीला दाखवायची. भिंगरी एकदा म्हणाली, आई, मला नाही गं वाचता येत. आई म्हणाली, फोनपेक्षा तुला जास्त कळतं का?

हे भिंगरीने स्टोअररूमच्या खिडकीतून बाईंना सांगितलं. त्या वेळी बाईंच्या हातात तिचाच टॅब होता आणि टॅबमधल्या भिंगरीने नुकतंच एका उताऱ्याचं सार अचूक सांगितलं होतं. बाईंनी टॅब पालथा घातला आणि तिला आत बोलावलं.

त्या दिवसापासून एकतीस टॅब शिकले. अठ्ठाविसाव्याची चाळीस मिनिटं भिंगरीला मिळाली. टॅबच्या रिकाम्या खोक्यांवर बसून दोघी खोक्यांवरचंच वाचायच्या. 'उलटे ठेवू नये.' 'ओलाव्यापासून दूर ठेवा.'

घरी लाल मेसेज सुरू झाले: आपल्या पाल्याने आज अभ्यास केला नाही. आईने आधी भिंगरीला धपाटा घातला, मग रेंजला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या आठवड्यात भिंगरीला धरून शाळा गाठली.

"बाई, पोरीचं काय चालवलंय तुम्ही? एवढी हुशार होती. आता अभ्यास शून्य. घरी आली की दिसेल ते वाचत सुटते. काल आजीची औषधाची बाटली वाचली. शेजारणीचं विजेचं बिल मोठ्याने वाचलं, भांडण होता होता राहिलं."

"म्हणजे वाचते ना?" बाई म्हणाल्या.

"वाचते हो. पण अभ्यास?"

आवाज ऐकून हेडसर आले आणि चौकशी आपल्यावर यायला नको म्हणून त्यांनी आईच्या फोनवर तक्रारीचा फॉर्म स्वतः उघडून दिला. मजकूर आधीच भरलेला होता, फक्त सहमती द्यायची. अक्षरं मुंगीएवढी, आणि चष्मा मशीनवर राहिलेला. आईने फोन भिंगरीपुढे धरला. "वाच गं, काय लिहिलंय."

भिंगरी बोट फिरवत वाचायला लागली. वर्गशिक्षिकेने माझ्या पाल्याच्या शिक्षणाकडे... इथे ती अडली. सवयीने तिने बाईंकडे पाहिलं.

"आधी 'दुर्' म्हण," बाई म्हणाल्या. "मग 'लक्ष'."

"दुर्लक्ष," भिंगरी म्हणाली आणि पुढे निघाली. 'तत्काळ हटवण्यात यावे' इथपर्यंत कुठेही थांबली नाही. वाचून झाल्यावर तिला अर्थ कळला. आधी वाचन, मग आकलन, पुस्तकात दिलाय तोच क्रम.

"आई, नको दाबू," ती म्हणाली.

आईने 'सहमत' दाबलं.

हसू नका तिला. तिने दाबायच्या आधी सगळं वाचून तरी घेतलं. तुम्ही घेता?