न प्यालेली कॉफी

सिंहमाशाचा काटा कापून टाकला तरी त्यातलं विष टिकून राहतं. ते नरमतं फक्त कढत पाण्यानं. रुबाला हे ठाऊक होतं. म्हणून तिनं काटे मिठाईच्या रिकाम्या खोक्यात भरले आणि झाकण घट्ट लावलं. याहून जपून कुणी वागलं नसतं.

आज बाबा होकार देणार, याची तिला खात्री होती. फिरास वर्षभर मागणी घालत होता. समुद्रात बुडी मारायची, भाल्यानं सिंहमासे टिपायचे आणि खानावळींना विकायचे, हा त्याचा धंदा. तिचे बाबा बद्री हे बत्रूनच्या बंदरातले जुने कोळी.

"हा सिंहमासा तांबड्या समुद्रातून कालव्यानं आला आणि आमच्या माशांची पिल्लं खाऊन माजला," ते म्हणत. "त्याला मी तोंड लावणार नाही. त्याच्यावर जगणाऱ्याला मुलगीही देणार नाही."

"बाबा, फिरास त्यांना मारतो."

"सगळे मारले तर खाईल काय? म्हणजे संपू देणार नाही."

म्हणून दुपारी रुबानं तोच मासा तळून वाढला.

"हामूर?" बाबांनी इथल्या आवडत्या माशाचं नाव घेत विचारलं.

"हं."

"असा हामूर हल्ली मिळत नाही," म्हणत त्यांनी तीन ताटल्या संपवल्या. आता पाहुण्यांसमोर खरं सांगायचं, की काम फत्ते.

पाहुणे आले. त्यांनी आणलेला मिठाईचा खोका स्वयंपाकघरात गेला. होकाराआधी तो उघडत नाहीत. तिथल्या काट्यांच्या खोक्याचंही दुकान तेच, रूपही तेच. फिरासच्या वडिलांनी, अबू फिराससाहेबांनी, कॉफीचा पेला रीतीप्रमाणे न पिता तबकात परत ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

"उत्तर मिळालं की पिऊ," अबू फिराससाहेब म्हणाले.

"जरा विचार करतो," म्हणून बाबा स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं.

परतले ते उजवा हात डाव्या मुठीत धरून. चेहरा धुतलेल्या माकुलासारखा पांढरा.

"बोट," ते म्हणाले.

"कुठे घातलं होतं?" रुबानं विचारलं.

"कुठेच नाही."

फिरासनं बोट पाहिलं. "सिंहमाशाचा काटा आहे हा. कढत पाणी आणा."

वीज सकाळपासून नव्हती आणि गॅस कॉफीखालीच संपला होता. रुबानं तबकाकडे पाहिलं.

"बाबा, कॉफीत घाला."

त्यांनी जवळच्या पेल्यात बोट बुडवलं.

"बरं वाटतंय?" फिरास.

"वाटतंय. ही निवली." बोट पुढच्या पेल्यात गेलं. मग त्याच्या पुढच्या. शेवटी अबू फिराससाहेबांच्या. ते शांतपणे बघत होते.

"पण माझ्या घरात तो मासा आला कसा?" बाबांनी विचारलं.

"जेवलात तोच," रुबा म्हणाली.

"तो हामूर होता."

"नव्हता."



"बद्रीभाऊ," अबू फिराससाहेब म्हणाले, "मासा पोटात, काटा बोटात. आता अडलंय कुठे?"

बाबांनी त्यांच्या पेल्यातून बोट काढलं, रुमालाला पुसलं.

"दिली मुलगी," ते म्हणाले. "घ्या, कॉफी प्या."